बासिलिसाची शुद्ध स्पॅनिश सर्दी

स्पॅनिश भाषा बासिलिसाच्या गावात जन्मली. तिचं म्हणणं ऐकाल तर तिच्याच परसदारी. हजार वर्षांपूर्वी मठातल्या एका भिक्षूला लॅटिन पोथी नीट कळेना, म्हणून त्याने कडेला गावच्या बोलीत अर्थ आणि एक छोटी प्रार्थना लिहून ठेवली. तीच म्हणे स्पॅनिशची पहिली अक्षरं. "तो आमच्याच घराण्यातला," बासिलिसा सांगायची. भिक्षूचं घराणं पुढे कसं चाललं, हे विचारायची स्पेनमधल्या रिओहाच्या त्या डोंगरात कोणाची छाती नव्हती.

त्या ओळींचं मठात दरवर्षी वाचन व्हायचं आणि मान दरवर्षी नदीपलीकडची कासिल्दा पटकावायची. ती शाळा शिकलेली, आणि बासिलिसाची शाळा मेंढ्या राखण्यात सुटलेली. यंदा मान एकदाचा बासिलिसाला मिळाला. तिने ओळी ऐकून ऐकून पाठ केल्या. कागद नुसता शोभेला धरायचा. स्पॅनिश बोलणाऱ्या प्रत्येक देशाचे पाहुणे यायचे होते, आणि नेमकं दोन दिवस आधी चोंदलेलं तिचं नाक त्या सकाळीही सुटेना.

घरी ग्रिसेल्दा उतरली होती. ही तिची विहीण, लेकीची सासू, मेक्सिकोची. स्वभावाने गोड आणि झाडपाल्याची पिशवी घेऊन हिंडणारी.

"विहीणबाई, चेहरा का उतरलाय?"

"कोन्स्तिपादा झालेय," बासिलिसा म्हणाली. रिओहात याचा अर्थ सर्दी. त्याला दुसरा अर्थ असेल, हे तिच्या गावीही नव्हतं.

"अगंबाई. कधीपासून?"

"परवापासून. सगळं गच्च बसलंय. जोर लावून लावून डोळ्यांत पाणी आलं, पण बाहेर काही येईल तर शपथ."

"आणि भूक?"

"भुकेला काय झालंय? चोरीसोचे सॉसेज खातेय, भरल्या मिरच्या खातेय."

ग्रिसेल्दाने कपाळाला हात लावला. "आत भर आणि बाहेर काही नाही. थांबा, काढा देते. आमच्याकडे अर्धा कप पुरतो."

"तुमच्याकडे पुरत असेल," म्हणत बासिलिसाने दोन कप रिचवले. विहिणीपुढे कमी पडणाऱ्यांतली ती नव्हती.

मठात ती व्यासपीठावर बसली. शेजारी ग्रिसेल्दा, समोर खचाखच गर्दी.

"मोकळं वाटतंय का आता?" ग्रिसेल्दा कुजबुजली.

"नाक तसंच आहे."

"नाकाचं काय मध्येच? मी पोटाचं विचारतेय."

"पोटाला काय धाड भरलीय? सर्दी झालीय मला. कोन्स्तिपादा म्हटलं ना?"

ग्रिसेल्दा पांढरीफटक पडली. "बाई गं. आमच्याकडे कोन्स्तिपादा म्हणजे पोट साफ न होणं. मी तुम्हाला सोनामुखीचा रेच पाजलाय."

"शब्द आमचा आणि अर्थ तुमच्या मनाचा?" बासिलिसा फिस्कारली. तेवढ्यात तिच्या आत, खळ्यावर मळणीयंत्र सुरू व्हावं तशी, पहिली घरघर उठली.

"उठा, जाऊन या पटकन."

"उठले तर कागद तिच्या हातात जाईल." पहिल्या रांगेत कासिल्दा चष्मा पुसून तयारच बसली होती.

सरपंच एमेतेरिओ माइकपाशी आले. "आपली भाषा आज पन्नास कोटी लोक बोलतात. यातल्या एकेका देशाला आपण वंदन करू या."

मेक्सिकोपासून सुरुवात झाली. प्रत्येक देशाचे डोंगर, नद्या, मग टाळ्या. ग्वातेमालाला बासिलिसाने खुर्चीचे हात धरले. निकाराग्वाला घाम फुटला. पनामाला तिने पायात पाय अडकवला.

"आणि पनामाचा कालवा," सरपंच रंगात आले, "दारं उघडताच ते पाणी कसं धो धो..."

बासिलिसाने डोळे मिटले. "किती उरलेत?"

"खालचा अख्खा खंड उरलाय," ग्रिसेल्दा अपराधी आवाजात म्हणाली.

"त्या कोलंबसाला गुमान घरी बसायला काय झालं होतं?"

आपली भाषा याच दरीत पडून राहिली असती तर किती बरं झालं असतं, असं तिला जन्मात पहिल्यांदा वाटलं. पेरू गेलं. बोलिवियाला समुद्र नाही, हे ऐकून तिला जरा बरं वाटलं. चिली लांबलचक असतं हे तिला माहीत होतं, पण इतकं? शेवटी उरुग्वे आलं आणि सरपंचांनी तिचं नाव पुकारून कॉलरला छोटा माइक अडकवला.

भिक्षूने ती प्रार्थना लिहिल्यापासून इतक्या वेगात कोणी म्हटली नसेल. पण एक अक्षर गळलं नाही. "आमेन" होताच टाळ्यांचा कडकडाट झाला आणि कासिल्दाचं तोंड पडलं. ते डोळे भरून बघायलाही बासिलिसाला सवड नव्हती. गुडघे जुळवून, मान ताठ ठेवून ती मागच्या दाराने गेली. लोकांना वाटलं, काय हा रुबाब.

कॉलरचा माइक काढून घ्यायचं मात्र कोणालाच सुचलं नाही.

पाहुणे दुपारच्या जेवणापासून घेवड्याला काय म्हणायचं यावरून भांडत होते. प्रत्येक देशाचा शब्द निराळा. पण आता भिंतीवरच्या कर्ण्यांतून जे ऐकू येऊ लागलं, त्याचा अर्थ मेक्सिकोपासून उरुग्वेपर्यंत एकालाही विचारावा लागला नाही.

कासिल्दाने शांतपणे ऐकून घेतलं.

"उच्चार स्पष्ट आहेत हो," ती शेजारणीला म्हणाली.