हौशीरामनानांची फुंकर

सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर गेलं की खालून आधी एक जबडा दिसतो. हौशीरामनानांना पूर्ण शटर उघडेपर्यंत धीर नसतो. ते वाकून, तोंड उघडून म्हणतात, "शेठ, जरा हुंगा."

राजूरच्या स्टँडसमोर माझं मेडिकल आहे. सरकारनं मला औषधं विकायचा परवाना दिलाय, लोकांची तोंडं हुंगायचा नाही. पण नानांना ते पटत नाही. "तुमचं नाक शिकल्यालं हाय," म्हणत ते माझ्या तोंडावर लांबलचक 'हाऽऽ' करतात. मंजनाचा आणि लसणाच्या चटणीचा वास येतो. बोहनीच्या आधी कुणाच्या नशिबी हे येऊ नये. मी म्हणतो, "काही नाही." ते विचारतात, "नक्की?" मी "नक्की" म्हटल्यावर स्वारी जराशी कमी घाबरून जीपकडे जाते.

नाना राजूर ते शेंडी, म्हणजे भंडारदऱ्याच्या धरणाच्या वाटेवर, प्रवासी जीप चालवतात. दारू पीत नाहीत. एके काळी प्यायचे, आणि पिण्यात कंजुषी केली असं त्यांचे वैरीही म्हणणार नाहीत. मग एक दिवस हिराबाई, म्हणजे त्यांची बायको, एका शब्दानं न भांडता माहेरी निघून गेल्या. नाना तिथे ओट्यावर जाऊन बसले, पुन्हा शिवणार नाही असा शब्द दिला आणि त्यांना घेऊन आले. त्याला आता कैक वर्षं झाली. शब्द पाळला, हे सगळा गाव जाणतो. शंका आहे ती फक्त नानांना, आणि तीही स्वतःच्या पोटाबद्दल.

पोलिसांकडे फुंकायचं मशीन आल्यापासून ही शंका सुरू झाली. "मशीनला काय कळतंय, शेठ? माणूस पेला, का त्याच्या पोटात आपसूक झाली? राती खाल्ल्यालं आत आंबत आसंल तर?" त्यामुळे इडली बंद, जिलबी बंद. केळं जरा काळं पडलं की ते गायीला. मोह फुलला की त्या झाडाखाली जीप उभी करत नाहीत, वाऱ्यानं वास लागेल म्हणून. माझ्या दुकानात खोकल्याची बाटली मागतात, कागद माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतात आणि न घेताच जातात. एकदा मी त्यांच्या हातावर सॅनिटायझर टाकलं, तर हात अंगापासून लांब धरून गृहस्थ नळापर्यंत पळत गेले.

"नाना, इतकं काय भ्यायचं? फार तर लायसन जाईल," मी एकदा वैतागून म्हणालो.

"लायसन जाऊ द्या. भात लावीन. पर मशीन वाजलं, तर हिरा म्हनंल, ह्यानं इतकी वर्सं मला फसावलं. मंग मी कुठं जाऊ?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिचा आजून इश्वास न्हाई, शेठ. रोज घरी गेलो की आदी तिच्याम्होरं आ करतो. ती तोंड फिरावती. म्हनती, हातपाय धुवा."

मी उगाच गोळ्यांची पाकिटं सारखी करत राहिलो.

परवाच्या पावसाळ्यातल्या एका रविवारी मला शेंडीला मावशीकडे जायचं होतं. नानांच्याच जीपमध्ये मागे बसलो. हिराबाई पुढे होत्या, माहेरी निघाल्या होत्या. जीप भरून निघालो आणि पहिलंच वळण घेतलं तर समोर पोलीस. पावसाळ्यात धरणावर बाटल्या घेऊन येणाऱ्या पाहुण्यांसाठी नाकाबंदी होती. पाहुणे मागच्या रांगेत होते, आणि पुढे होतो आम्ही.

नानांच्या मानेला सुटलेला घाम मला मागून दिसत होता. हवालदार पोरगेलासा होता, बोलायला सभ्य. त्यानं नळी पुढे केली. नानांनी फुंकलं. आणि मशीन वाजलं.

रोज सकाळी हुंगणारा मी! आजही हुंगलं होतं.

"खाली उतरा, काका. त्या पांढऱ्या रेषेवरून सरळ चालून दाखवा."

नाना चालले. पाय लटलट कापत होते, एक रेषेवर, दुसरा चिखलात. तिसऱ्या पावलाला झोकांडी गेली. त्या घडीला मला चालायला लावलं असतं, तर मीही तसाच चाललो असतो. भ्यालेला आणि प्यालेला यातला फरक ती रेषा कशी सांगणार? मागच्या बाकावर कुणीतरी कुजबुजलं, "नानाचं परत सुरू झालं वाटतं." नानांनी ते ऐकलं. त्यांनी ना हवालदाराकडे बघितलं, ना मशीनकडे. ते जीपच्या पुढच्या काचेकडे बघत होते. काचेमागे हिराबाई होत्या.

हिराबाई उतरल्या. पदर खोचला.

"त्यांनी घेतल्याली न्हाई."

"बाई, मशीन खोटं बोलत नाही."

"मंग मानूस खोटं बोलतंय व्हय? लई वर्सं मी पेल्याल्या मानसाशेजारी काढल्यात, साहेब. ह्यो पेल्याला न्हाई. सकाळधरनं भाकर खाल्ली, आन् निघताना मी खोकल्याचं औशीद दिलं, तेवढंच."

"कसलं औषध?" मी मागून उतरत ओरडलो.

हिराबाईंनी पिशवीतून बाटली काढली. वैद्याकडचं आसव! झाकण उघडताच माझ्या शिकलेल्या नाकाला कळलं. आसव मुरवूनच करतात, त्यात थोडी दारू आपोआप तयार होते. माझ्या दुकानातल्या एकूणएक बाटलीला चोर समजणारा हा माणूस हिराबाईंच्या हातचं मात्र काही न विचारता प्याला होता.

मी हवालदाराला सांगितलं, औषध आत्ताच घेतलंय, त्याचा अंश तोंडात आहे. चूळ भरू द्या, थोडं थांबा, मग फुंकायला लावा. तो कुरकुरला. "आणि परत वाजलं तर दवाखान्यात नेऊन रक्त काढणार."

नानांनी चुळा भरल्या. मग आम्ही थांबलो. पाहुण्यांच्या गाड्या हॉर्न मारत होत्या. मी औषधवाला, मला सगळं ठाऊक, तरी मनात येत होतं की खरंच याच्या पोटात भट्टी असली तर? नाना हात जोडून उभे होते, आणि हिराबाई त्यांच्या शेजारी.

पुन्हा नळी आली. नानांना फुंकताच येईना, श्वास हुंदक्यात अडकत होता. "एका दमात, काका," हवालदार म्हणाला. दोनदा फुकट गेलं. मग जमलं. मशीन गप्प राहिलं. हवालदारानं शून्याचा आकडा नानांपुढे धरला, पण त्यांनी तो बघितलासुद्धा नाही.

जीप निघाली.

"हिरा, मी पेलो आसंल आसं तुला खरंच न्हाई वाटलं?"

"न्हाई."

"मंग रोज सांजच्याला तोंड का फिरावती?"

हिराबाई बाहेर भाताच्या खाचरांकडे बघत म्हणाल्या, "तुमी लेकरावानी आ करून हुबं ऱ्हाता. मला बघवत न्हाई. इश्वास तर कवाच बसलाय."

"आगं, मंग सांगायचं न्हाई व्हय?"

"तुमी इचारलं कवा?"

नानांनी जीप कडेला घेतली. भर पावसात इंजिन गरम झालंय असं आम्हाला सांगितलं आणि उतरून जीपच्या मागे जाऊन उभे राहिले. हिराबाईंनी सीटखालची छत्री काढली आणि त्याही उतरल्या. मला घाई होती, मावशी जेवायची थांबली होती. पण मी घड्याळ बाहीखाली सारलं. मागे वळून बघायचं नाही, एवढं मात्र जीपमधल्या सगळ्यांना न सांगता कळलं.