फुलासारखी जपलेली

"त्या गाडीतून साहेबांना आणू नका," नवरा निघताना बायकोनं पुन्हा बजावलं. "परवा भर चौकात बंद पडली तेव्हा मागचा ट्रकवाला काय काय बोलला, ते मी आईलासुद्धा सांगू शकले नाही."

"अगं, बंद नव्हती पडली. मोटर तापली म्हणून गाडीनं आपणहून विश्रांती घेतली. याला सुरक्षा म्हणतात!"

हे बोलणारे गृहस्थ कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. कामगार त्यांना पाठीमागे 'सावधान' म्हणत. तोंडावर म्हटलं असतं तरी त्यांना आवडलंच असतं. खुर्चीत बसण्याआधी तिचे चारही पाय हलवून बघणारा हा माणूस. पण ही जुनी इलेक्ट्रिक गाडी घेताना दलाल एवढंच म्हणाला, "एका मोठ्या साहेबांची आहे. फुलासारखी जपलेली." झालं, सावधान विरघळले! मोठ्या साहेबांची गाडी तपासून घ्यायची म्हणजे उद्धटपणाच की.

आणि आज तर मुख्य सुरक्षा अधिकाऱ्याची जागा कुणाला द्यायची, ते ठरवायला मुख्य कचेरीचे मोठे साहेब येणार होते. त्या जागेची वाट बघता बघता सावधानांचे केस पांढरे झाले होते. साहेबांना स्टेशनवरून आणायचं काम त्यांनी हट्टानं मागून घेतलं.

गाडी बघताच साहेब जागच्या जागी थबकले. मागच्या दारावरचा पोचा त्यांनी वाकून न्याहाळला.

"ही... तुमची?"

"हो सर! नवीनच. म्हणजे जुनीच, पण आम्हाला नवीन."

"आपण चालत गेलो तर? पाय मोकळे होतील."

"छे छे सर, फार लांब आहे!"

साहेब दाढ काढायला बसावं तसे बसले. एसीचं बटण दाबून जरा वेळ धरून ठेवावं लागतं, हे सावधान सांगणार, तोवर साहेबांनी ते नेमकं तसंच दाबलं. मोठी माणसं उगाच मोठी होत नाहीत, असं सावधानांना वाटलं.

कारखान्याच्या फाटकाशी चढ होता. चढाच्या मध्यावर मोटरीनं एक उसासा टाकला. पडद्यावर लाल अक्षरं उमटली, 'मोटरमध्ये बिघाड', आणि पडदाही विझला. सावधानांनी कसाबसा हातब्रेक ओढला. दारं विजेवर, काचा विजेवर, आणि वीज गायब.

फोरमन धावत आला. क्षणभर गाडीकडे बघून त्यानं खिशातून लाल पट्टी काढली, दाराच्या बाहेरच्या मुठीला बांधली आणि चार पावलं मागं सरकला.

"अरे, बांधतोस काय? दार ओढ!" सावधान काचेतून ओरडले.

"कसं ओढू साहेब? बंद पडलेल्या यंत्राला लाल पट्टी. ती सुरक्षा अधिकाऱ्यानं स्वतःच्या हातानं सोडेपर्यंत कुणी बोट लावायचं नाही. तुमचाच नियम."

"अरे, मीच तो अधिकारी!"

"म्हणून तर तुमचाच हात पाहिजे."

"मी सांगतोय ना, सोड!"

"कुणी कितीही ओरडलं तरी ऐकायचं नाही, हेही तुम्हीच शिकवलंत साहेब."

आजूबाजूला कामगार गोळा झाले. सगळे शिस्तीत, चार पावलं लांब. गाडीच्या आत तर भट्टीच पेटली होती.

"शिस्त चांगली आहे," साहेब टाय सैल करत क्षीण आवाजात म्हणाले.

सावधानांना आता रडूच फुटायचं बाकी होतं. जागा तर गेलीच, निदान मनातलं तरी ओकावं. "सर, मला फसवलं हो! कुणा साहेबाची म्हणून दलालानं गळ्यात मारली. तो साहेब एकदा सापडू दे, याच सीटवर बसवतो, काचा बंद करतो आणि उन्हात ठेवतो मेल्याला!"

साहेबांनी कपाळ पुसलं, काचेबाहेर बघितलं, पुन्हा कपाळ पुसलं. अखेर त्यांच्याच्यानं राहवेना. खाली वाकून त्यांनी दारातल्या कप्प्याची रबरी चटई उचलली, तिच्याखालची बारीक वायर ओढली. खट्ट! दार उघडलं.

सावधान बघतच राहिले. "सर... ही वायर मला दलालानंही नव्हती दाखवली. तुम्हाला कशी ठाऊक?"

साहेबांनी घटाघट हवा प्यायली. "माझी बायको अडकली होती हिच्यात," ते खालच्या आवाजात म्हणाले. "घाबरून अर्धमेली झाली बिचारी. दुसऱ्याच दिवशी काढून टाकली गाडी."

"आणि माझी बायको अडकली असती तर?"

साहेबांनी सावधानांच्या खांद्यावर हात ठेवला. "मुख्य अधिकाऱ्याची जागा तुमची. हा विषय इथंच संपला."

सावधान साहेबांच्याच दारानं सरपटत बाहेर आले आणि स्वतःच्या हातानं लाल पट्टी सोडली.

"आता ढकलू का साहेब?" फोरमननं अदबीनं विचारलं.

संध्याकाळी बायको आनंदानं नाचायचीच बाकी होती. "जागा मिळाली ते छानच झालं हो. पण मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही!"

"ठेवू नकोस. आजच काढतो." सावधानांनी दलालाला फोन लावला.

"विकू की साहेब," पलीकडून दलाल म्हणाला. "पण गिऱ्हाइकाला काय सांगायचं?"

सावधानांनी घसा खाकरला. फक्त एकदा.

"सांग, मुख्य सुरक्षा अधिकाऱ्यांची गाडी आहे. फुलासारखी जपलेली."