दरीकडे पाठ करून

सांदवाडीत माझ्याइतका देखणा पुरुष नाही. फक्त ते समोरच्या डोंगरावरून दिसतं, कारण आमच्या दरीतून उजेड पलीकडे पोचायला चाळीस वर्षं लागतात. जवळून बघाल तर तोंडात दात चार, आणि त्या चौघांचं एकमेकांशी पटत नाही.

शाळेत मास्तर सांगायचे, ताऱ्यांचा उजेड जुना असतो, दुर्बिणीत दिसते ती मागची गोष्ट. मी चौथीतच शाळा सोडली. एवढं तर आमच्या म्हशीलाही ठाऊक होतं. आमच्या ओसरीवरून दुर्बीण लावली की समोरच्या वस्तीत चाळीस वर्षांपूर्वीचा कारभार चाललेला असतो. त्यांना आमचा दिसतो. पंचायतीचा नियम एकच: पलीकडे जाऊन आपलं जुनं बघायचं तर ज्या घरातून बघायचं त्या घरचं माणूस असावं लागतं. परक्यानं दरीकडे पाठ करून बसायचं.

माझी गोदा वारली त्याला येत्या शिमग्याला चाळीस वर्षं होतील. तिचा शेवटचा उजेड तेव्हा पलीकडे पोचेल, की संपलं. आणि आमचं अंगण दिसतं ते एकाच घरातून, सुभद्राबाईंच्या. त्यांचे मालक होते तोवर मला तिथं नातं लावायला वाव नव्हता. परवा मालकांचं वर्षश्राद्ध उरकलं आणि काल मी मागणी घालायला गेलो.

बाईंनी मला पाठ करून बसवलं, पोहे दिले आणि दुर्बीण स्वतःच्या डोळ्याला लावली.

"गोदाबाई धुणं वाळत घालतायत. तुम्ही खाटेवर पसरलाय. कामाला हात लावायची पद्धत नव्हती वाटतं तुमच्यात?"

"लुगडं कुठलं नेसलीय?"

"हिरवं. आता हसतायत. तुमच्याकडं बघून नव्हे, मांजर आहे."

माझी मान वळायला लागली. बाईंनी काठी आपटली. "नियम!"

"मग मला घरजावई करून घ्या," मी म्हणालो.

"आणि मी काय करू? तुमच्या ओसरीवरून आमचे मालक दिसतात ना?"

"दिसतात की. मिशा काळ्याभोर. परवा म्हशीनं त्यांना आडापाशी लोळवलं."

बाई पदर तोंडाला लावून हसल्या, आणि त्याच पदरानं डोळे पुसत राहिल्या. हसणं कुठं संपलं ते मला कळलं नाही.

मग त्यांनीच तोड काढली. लग्न लावायचं, आणि मांडवातूनच मी त्यांच्या घरी राहायला जायचं, त्यांनी माझ्या. दोघंही घरची माणसं झाली, पंचायतीला बोलायला जागा नाही.

आनंदानं मला पोह्यांचा ठसका लागला. तो ओसरल्यावर डोक्यात उजेड पडला.

"अहो, पण आपला संसार? मी इथं, तुम्ही तिथं. दुर्बीण लावली तरी तुम्ही मला दिसणार चाळीस वर्षांनी!"

सुभद्राबाईंनी माझी रिकामी बशी उचलली.

"पहिलीला बघायला थांबलात की चाळीस वर्षं. दुसरीला काय एवढी घाई?"