तिसगावकर कळवितात की

नगरच्या कॉलेजात इतिहास शिकवायला मी रुजू झालो, त्या दिवशी माझ्या आधी माझी बातमी तिथं पोचली होती. फाटकातून आत शिरलो तर सूचनाफलकासमोर पोरांची गर्दी, आणि माझ्याकडे बघून जो तो हसू दाबतोय. मीही पुढे होऊन वाचलं. ठसठशीत वळणदार अक्षरात लिहिलं होतं: "समस्तांस कळविण्यात येते की, इतिहासाचे नवे प्राध्यापक श्री. सप्रे आजपासून रुजू होत आहेत. हे अविवाहित असून स्वभावाने भिडस्त दिसतात. विद्यार्थ्यांनी याचा गैरफायदा घेऊ नये. वा. गो. तिसगावकर, हेडक्लार्क."

मी तणतणत ऑफिसात गेलो. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी आणि कानावर टाक अशा थाटात एक वाळकेसे गृहस्थ टेबलामागे बसले होते. मी भिडस्त आहे हे यांना कुणी सांगितलं, असं मी विचारलं. ते शांतपणे म्हणाले की मुलाखतीच्या दिवशी तुम्ही पाणी मागायला तीनदा या दारापर्यंत आलात आणि तीनदा न मागता परत गेलात.

"मजकुरात चूक असेल तर लिहून द्या. दुरुस्तीची सूचना लावतो."

मी काही लिहून दिलं नाही. भिडस्त होतो म्हणूनच.

आमचं कॉलेज म्हणजे चार बराकी, एक कडुनिंब आणि एक घंटा. युद्ध नुकतंच संपलं होतं. गावात लष्कराच्या गाड्या अजून धुरळा उडवत फिरायच्या. मोटारी पेट्रोलवर कमी आणि कोळशाच्या गॅसवर जास्त चालायच्या. असल्या लहान कॉलेजात सांगण्यासारखं असं घडणार ते काय? पण वामनराव तिसगावकरांना सांगण्यासारखं नाही असं काही दिसतच नसे. वादविवाद सभा असली की सूचना. "सभेनंतर चहा. चहा फक्त आरंभापासून जागे असणाऱ्यांस." संस्कृतच्या प्राध्यापकांना मुलगी झाली तेव्हा, "माता व कन्या सुखरूप. प्राध्यापकमजकुरांचे तास आज होतील, परंतु त्यांचे लक्ष लागेलच असे नाही." एकदा तर, "प्राचार्यांस पडसे झाले आहे. आज कोणी रजा मागू नये." त्यावर प्राचार्यांनी त्यांना बोलावून खूप झाडलं. पण त्या दिवशी खरोखरच कुणी रजा मागितली नाही, तेव्हा पुढे त्यांनीही नाद सोडला.

फलकावर न आलेली गोष्ट घडली असं वामनराव मानत नसत. स्नेहसंमेलनाची तारीख त्यांना तोंडी सांगितली की ते ऐकू न आल्यासारखे बसून राहायचे. "लिहून द्या," एवढंच म्हणायचे. तोंडी बोलण्याचा त्यांना खरोखर त्रास व्हायचा. समोरासमोर दोन वाक्यं सलग बोलायची म्हटली तर त्यांच्या गळ्याची शीर ताठ व्हायची आणि ते टाक शोधू लागायचे.

या सूचना फलकावर लागत तशा एका लांबोळक्या वहीतही उतरत. ती सूचनावही वर्गावर्गांतून फिरवायचं काम धोंडिबा शिपायाकडे होतं. धोंडिबा संगमनेरपलीकडच्या अकोल्याच्या डोंगरातला. चाळिशीला आलेला, अंगानं आडवा, बायको पहिल्या बाळंतपणात गेलेली. गावाकडे म्हातारी आई आणि भाताची दोन खाचरं. त्याला अक्षर येत नव्हतं, पण त्या वहीतली सूचना त्याला शब्दन्शब्द पाठ असायची. वर्गात प्राध्यापकानं वाचताना कंटाळून एखादी ओळ गाळली की तो दारातून हलायचा नाही. "येक वळ ऱ्हायली, साहेब," म्हणायचा.

पाठ असायची याचं कारण मला उशिरा कळलं. रोज संध्याकाळी ऑफिस बंद करण्यापूर्वी वामनराव उद्याची सूचना धोंडिबाला वाचून दाखवत. धोंडिबा पायरीवर बसून ऐके. एखादा शब्द त्याला कळला नाही तर तो नुसता नाक खाजवायचा. लगेच वामनराव तो शब्द खोडून दुसरा घालत. "याला कळलं की समस्तांना कळलं," असं ते मला म्हणाले होते. मधूनच दोघांची जुंपायचीही. "माननीय" कशाला पायजे, नुसतं नाव चालत न्हाई का, असं धोंडिबानं विचारल्यावर वामनराव दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी फलकावरच्या सूचनेत पाहुण्यांच्या नावाआधीचं "माननीय" गळालेलं होतं.

वामनरावांना घरी कुणी नव्हतं. बायको लग्नानंतर दोन वर्षांत गेली, मूलबाळ झालं नाही. तिसगावला थोरले बंधू होते. त्यांची पत्रं सणासुदीला यायची. वामनराव खाणावळीत जेवायचे आणि एका खोलीत राहायचे. मी एकदा त्या खोलीत गेलो होतो. भिंतीवर एकही चित्र नव्हतं. कॉलेजच्या जुन्या सूचना मात्र वर्षवार गठ्ठे बांधून ठेवल्या होत्या.

पुढच्या वर्षी श्रावणात गावात पटकीची, कॉलऱ्याची साथ आली. पहिल्या आठवड्यातच कॉलेज बंद करण्याचा हुकूम आला. वामनरावांनी सूचना लावली: पाणी उकळून प्यावे, व्याख्यानमाला पुढे ढकलली आहे, प्रत्येकाने घरी पोचल्याचे पत्र टाकावे. पोरं गेली, प्राध्यापक गेले, प्राचार्य पुण्याला गेले. मला जायला तसं दुसरं घर नव्हतं, म्हणून मी राहिलो. धोंडिबा ऑफिस राखायला राहिला आणि वामनराव धोंडिबा राहिला म्हणून राहिले. अर्थात ते तसं म्हणाले नाहीत. आवक-जावक रजिस्टर पुरं करायचं आहे, असं म्हणाले.

एका सकाळी ते माझ्या खोलीच्या दारात आले. टोपी नव्हती. धोंडिबाला पहाटेपासून ढाळ-वांत्या लागल्यात, बैलगाडी मिळालीय, उचलायला हात द्या, असं म्हणाले. मी त्यांच्याबरोबर गेलो. ऑफिसच्या मागच्या पडवीत धोंडिबा पडला होता. डोळे खोल गेलेले, हातापायांची कातडी सुरकुतलेली. आडव्या अंगाचा तो माणूस एका रात्रीत अर्धा झाला होता. मी जे केलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मी दारातच थांबलो. वामनरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि गाडीवानाच्या मदतीनं त्याला उचललं. गाडी रोग्यांसाठी ठोकलेल्या म्युनिसिपालटीच्या तंबूंकडे निघाली तेव्हा धोंडिबाचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी धोंडिबा गेला. त्याच्या गावचं, नात्याचं नगरात कुणी नव्हतं. कॉलेजचा दुसरा शिपाई आधीच घरी पळाला होता. प्रेत ताबडतोब हलवा म्हणून म्युनिसिपालटीचे लोक मागे लागले होते. सीना नदीच्या काठी चिता रचली आणि अग्नी वामनरावांनी दिला. मी लांब एका बाभळीखाली उभा होतो. परत येताना ते माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "सप्रे, अंघोळ करून घ्या."

पुण्याहून प्राचार्यांचं पत्र आलं. त्यात दुःख व्यक्त केलं होतं, आणि मयताच्या आईला रीतसर कळवावे असं लिहिलं होतं. वामनरावांनी ते पत्र दोनदा वाचलं. मग मला म्हणाले की धोंडिबाच्या वाडीत वाचणारं कुणी नाही. पोस्टमन बाजारच्या दिवशी कुणाच्या तरी हाती पत्र देणार, तो कुणाकडून तरी ते वाचून घेणार, आणि भर बाजारात चार अनोळखी माणसांना म्हातारीच्या आधी कळणार.

"तसं नको. मी जातो."

मी म्हटलं, मीही येतो. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. बहुधा त्यांना ते माहीत होतं.

कोळशावरची मोटार धापा टाकत संगमनेरला पोचली. तिथून मालमोटारीनं अकोल्याला. वाटेत माझ्या शेजारी बसून वामनराव पुटपुटत होते. कान दिला तर, "कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आपले चिरंजीव..." असं ऐकू आलं. एवढ्यावर ते थांबायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. असं बऱ्याचदा झालं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "हे धोंडिबाला कळलं नसतं."

अकोल्यापासून पुढे पायीच. पाऊस लागून राहिला होता. ओढे उतरत, चिखल तुडवत, लोकांना विचारत आम्ही दुपारी वाडीत पोचलो. खाचरांत आवणी चालली होती. पाठीवर पानांची इरली घेऊन बायका वाकून भाताची रोपं लावत होत्या. आम्ही बांधावर उभे राहिलो तशी त्यांतली एक म्हातारी सरळ झाली. तिनं वामनरावांकडं नीट पाहिलं, टोपीकडं, कोटाकडं.

"तुमी वामनराव," ती म्हणाली. "वहीवालं."

धोंडिबा सुट्टीत घरी आला की वामनरावांच्या सूचना वाडीला म्हणून दाखवायचा. कुणाला मुलगी झाली, कुणाला पडसं झालं, सगळं या वाडीला ठाऊक होतं. संस्कृतच्या प्राध्यापकांची मुलगी आता चालते का, असं तिनं वाटेतच विचारलं. चालते, असं वामनराव म्हणाले. मग तिनं विचारलं, धोंडू न्हाई आला? वामनराव म्हणाले, घरात चला, आई.

घर म्हणजे कुडाच्या भिंती आणि वर गवताचं छप्पर. पाहुणे उपाशी असतील म्हणून तिनं आल्या आल्या चूल पेटवायला घेतली. लाकडं ओली होती. ती फुंकणीनं फुंकत होती आणि वामनराव तिच्यासमोर मातीतच उकिडवे बसले. त्यांच्या गळ्याची शीर ताठ झालेली मला दिसली.

"आई, धोंडिबा गेला. त्याला पटकी झाली होती."

तिनं फुंकणी खाली ठेवली नाही. आणखी दोन-तीनदा फुंकलं. जाळ झाला. मग त्या जाळाकडंच बघत तिनं विचारलं, "पानी मागितलं व्हतं का त्यानं?"

"मागितलं."

"दिलं कुनी?"

"मी देत होतो. मागेल तेव्हा दिलं."

आवणीतल्या बायका एकेक करून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना न सांगताच कळलं होतं. कुणीतरी रडू लागलं, पण म्हातारी रडली नाही.

"इस्तू कुनी दिला?"

"मीच दिला, आई."

"तुमी बामन ना?"

"हो."

"घरी कोन हाय तुमाला?"

"कुणी नाही."

म्हातारी उठली. चुलीवरचं पाणी तिनं ओतून टाकलं, जाळ विझवला. कोपऱ्यातलं घोंगडं आणून भिंतीलगत अंथरलं आणि वामनरावांच्या कोटाची बाही धरून त्यांना त्यावर बसवलं.

"मंग तुमाला बी सुतक हाय," ती म्हणाली. "दहा दिस कुटं जाऊ नगा."

आणि मग ती रडली. वामनरावही रडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. रडतानाही त्यांचा आवाज होत नव्हता, नुसते खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच परत निघालो. प्राचार्यांना काय सांगू, असं विचारलं तर म्हणाले, सांगा, घरी सुतक आहे.

बाराव्या दिवसानंतर ते नगरला आले ते मुंडन करून. गावात बोलणं झालंच. ब्राह्मणानं कुणाचं सुतक पाळावं यावर खाणावळीत दोन दिवस चर्चा झाली. तिसगावहून बंधूंचं एक लांबलचक पत्र आलं आणि त्यानंतर सणासुदीची पत्रं बंद झाली. कॉलेज उघडलं, नवा शिपाई आला. पण ते सत्र संपेपर्यंत सूचनावही त्यांनी त्याच्या हाती दिली नाही. स्वतःच वर्गावर्गांतून घेऊन फिरायचे. दारात उभे राहायचे आणि वाचून होईपर्यंत खाली बघत राहायचे. पोरं त्या वेळी हसत नसत.

पुढची तीन वर्षं श्रावण लागला की वामनराव रजा टाकून अकोल्याला जायचे. तिथं काय करता, असं मी एकदा विचारलं. रोपं पुरवतो, म्हणाले. लावायला अजून जमत नाही, आई ओरडते.

म्हातारी गेली ती एका हिवाळ्यात. आम्हांला पत्र आलं नाही. एके दिवशी अकराच्या सुमारास घोंगडं पांघरलेला, पायांना फडकी गुंडाळलेला एक माणूस ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. दोन दिवस चालत आणि मिळेल त्या गाडीवर बसत तो आला होता. मी तेव्हा तिथं पगाराच्या कागदावर सही करत होतो. आत सगळे आपापल्या कामात होते. त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "धोंडिबाच्या घरचं कोन हाय हितं?"

वामनराव टाक ठेवून उठले.