पैकीच्या पैकी

प्राध्यापकांनी रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर सदुसष्ट उत्तरपत्रिका तपासल्या आणि त्याच झपाट्यात अडुसष्टावा कागदही तपासून टाकला. तो कागद म्हणजे मुलीच्या शाळेचं परिपत्रक होतं.

यात हसण्यासारखं काही नाही. सदुसष्ट पेपर तपासले की माणसाच्या हातात लाल पेन उरतं, डोकं उरत नाही. शिवाय घर दोन खोल्यांचं, टेबल एकच. जेवण, इस्त्री, मुलीचा अभ्यास आणि विद्यापीठाची परीक्षा, सगळं त्याच टेबलावर एकमेकांना कोपरं मारत चालायचं. समाजशास्त्राच्या प्राध्यापकाला या शहरात दोन खोल्या परवडतात हे ऐकून त्यांचे सहकारी 'नशीब काढलंत' म्हणायचे, आणि ते चेष्टेनं नव्हे.

परिपत्रकात लिहिलं होतं, 'शाळेच्या सर्वांगीण उन्नतीच्या अनुषंगाने शुल्करचनेचा यथोचित फेरविचार करण्यात येत असून पालकांचे सहकार्य अपेक्षित आहे.' प्राध्यापकांनी 'करण्यात येत असून'खाली रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'कोण करतंय? कर्ता गायब.' 'यथोचित'ला गोल करून लिहिलं, 'म्हणजे किती? मोघम लिहू नये.' शेवटी, '१० पैकी ४. विचार आहे, मांडणी नाही. पुन्हा लिहा.' आणि खाली परीक्षकाची झोकदार सही ठोकली.

सोमवारी मुलीनं तो कागद शाळेत नेऊन दिला. बाबांची सही दिसत होती, तिला तेवढं पुरे होतं.

या मुलीला घरात 'रेडिओ' म्हणत, कारण ती झोपेपर्यंत बंद व्हायची नाही. पण दोन वर्षांपूर्वी आधीच्या शाळेत, सत्तर मुलांच्या वर्गात, शेवटच्या बाकावर ती वर्षभर एक शब्द बोलली नव्हती. या शाळेत वर्गात वीस मुलं होती आणि तिला नावानं हाक मारणाऱ्या बाई होत्या. तिसऱ्या महिन्यात रेडिओ लागला. तेव्हापासून फी भरताना प्राध्यापकांचा जीव जायचा आणि मुलीचा आवाज ऐकला की परत यायचा. या वर्षी मात्र घरभाडं वाढलं आणि फी भरणं काही केल्या जमेना. म्हणून दहा दिवसांपूर्वी त्यांनी फीमाफीचा अर्ज दिला होता. अर्ज अकरा पानी होता.

"यात फी परवडत नाही असं कुठे लिहिलंयस?" बायकोनं तेव्हाच विचारलं होतं.

"तसं ध्वनित होतंय."

"कुठल्या पानावर ध्वनित होतंय तेवढं सांग, म्हणजे तिथे कान लावते."

अर्जाला शीर्षक होतं, 'शिक्षणाचे खासगीकरण आणि नोकरदार मध्यमवर्ग: एक टिपण'. तळटीपा तेवीस होत्या.

सोमवारी संध्याकाळी रेडिओनं बातमी दिली. "बाबा, तू पत्रावर काय लिहिलंस? आमच्या बाई आधी खूप हसल्या. मग एकदम गप्प झाल्या. मग पळत मोठ्या मॅडमकडे गेल्या. तुला उद्या बोलावलंय."

बायकोनं इस्त्री खाली ठेवली. "अर्ज त्यांच्याकडे पडलाय आणि तू त्यांनाच नापास केलंस?"

"चार म्हणजे अगदी नापास नाही," प्राध्यापक म्हणाले, आणि स्वतःचाच त्यांना राग आला.

मंगळवारी मुख्याध्यापिकांच्या टेबलावर दोन कागद होते. एक लाल शाईनं रंगलेला, दुसरा हिरव्या.

"मॅडम, सवयीनं झालं. मनापासून माफी मागतो," प्राध्यापक उभ्याउभ्याच म्हणाले.

"बसा सर. चारच मार्क का?"

आता एखाद्यानं 'चुकून चार पडले' म्हटलं असतं. पण मार्कांचा प्रश्न आला की या माणसाला खोटं बोलता यायचं नाही. "पाच देता आले असते. पण वाक्याला कर्ता नव्हता."

"कर्ते आमचे संस्थाचालक आहेत. पैशाच्या वाक्यात ते येत नाहीत." मॅडमनी हिरव्या शाईचा तो फीमाफीचा अर्ज पुढे सरकवला. "आता हा बघा. अकरा पानं वाचली. तेवीस तळटीपा वाचल्या. सतराव्या तळटीपेत तुमचा पगार सापडला."

अर्जाच्या शेवटी हिरव्या शाईत लिहिलं होतं, '१० पैकी ३. भाषा उत्तम. मुद्दा कुठे आहे?'

"तुम्हीच लिहिलंय ना, मोघम लिहू नये?" त्यांनी कोरा कागद दिला. "एका वाक्यात लिहा."

प्राध्यापक पेन उघडून बसले. वीस वर्षं त्यांनी मुलांना 'मुद्द्यावर या' म्हणून हैराण केलं होतं, आणि आज मुद्दा समोर होता तर हात पुढे जाईना. त्यांना लाज वाटत होती, साधी, उघडी लाज. तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाच्या वर्गातून एक खणखणीत आवाज आला. कोणीतरी कविता म्हणत होतं, मधल्या दोन ओळी विसरूनही न थांबता. तो आवाज त्यांनी शंभरात ओळखला असता.

त्यांनी लिहिलं, 'माझा पगार चांगला आहे, पण मुलीची फी मला परवडत नाही.'

मॅडमनी वाचलं आणि हिरवं पेन उलटं धरून 'पण'वर टेकवलं. "याच्या आधीचं सगळं खोडा. अर्जात खोटं लिहू नये."

प्राध्यापकांनी खोडलं. डोळे भरून आले म्हणून त्यांनी चष्मा पुसला, तो स्वच्छच होता.

"पैकीच्या पैकी," मॅडम म्हणाल्या. "निम्मी फी माफ. फीमाफीच्या समितीला पुरावा लागतो, सतरावी तळटीप जोडते."

त्या संध्याकाळी घरात खूप दिवसांनी कोणी हिशोब केला नाही.

शुक्रवारी नवं परिपत्रक आलं. 'आम्ही, संस्थाचालक, पुढच्या सत्रापासून फी चाळीस टक्क्यांनी वाढवत आहोत. इमारतीचे भाडे वाढले आहे. सवलत मिळालेल्या विद्यार्थ्यांनाही ही वाढ पूर्ण भरावी लागेल.' प्राध्यापक मुलीला आणायला गेले तेव्हा शाळेच्या फाटकापाशी पालकांचा नुसता कालवा चालला होता. 'फेरविचार' म्हणजे फी कमी होणार, असं निम्म्यांनी धरून ठेवलं होतं. उरलेल्यांनी न समजल्याचं सोंग घेऊन आणखी वर्षभर काढायचं ठरवलं होतं.

"यांना आकडा लिहायला कोणत्या शहाण्यानं शिकवलं?" एका मुलाचे वडील ओरडले. शहाणे खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले. बूट बिननाडीचे होते.

घरी बायकोनं परिपत्रक दोनदा वाचलं. "म्हणजे माफ झालं त्यातलं बरंचसं परत गेलं."

"बरंचसं. पण शाळा सुटत नाही. सुट्टीत आणखी दोन परीक्षा केंद्रांचे पेपर तपासायला घेतो."

"घे. फक्त या टेबलावर दुसरे कागद ठेवायचे नाहीत."

प्राध्यापकांनी लाल पेन घेऊन परिपत्रक पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कर्ता होता. आकडा होता. कारण होतं. एखादी वेलांटी तरी चुकली असेल म्हणून त्यांनी कागद उजेडात धरला. नव्हती चुकली.

रेडिओ खांद्यावरून डोकावली. "बाबा, या वेळी किती?"

"पैकीच्या पैकी," प्राध्यापक म्हणाले, आणि त्यांनी निमूटपणे पालकाच्या जागी सही केली.