वरल्या पेठेच्या वस्तादांनीं भाचा दिला आणि मुजावर घेतला, तयाची हकीकत

श्रीकुलस्वामिनी समर्थ. जिचे कृपेनें वाकडा मारिलेला चेंडूही जाळ्यांत जातो आणि पंचास ऐन वेळीं सद्बुद्धी होते, तिचे चरणीं मस्तक ठेवून, मग मैदानाचे मातीस आणि दोहों पेठांचे वडीलधाऱ्यांस वंदन करोन लिहिण्यांत येतें ऐसें जे, शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरीं वरल्या पेठेचे फुटबॉलाचे राज्यांत भाचा गेला आणि मुजावर आला, त्यावरोन जो प्रसंग गुजरला, तो जैसा घडला तैसा येथें मांडिला आहे. उणेंअधिक असेल तें शहाण्यांनीं पोटांत घालावें.

वरली पेठ म्हणजे राज्य नामांकित. तालमीचे, म्हणजे पेठेचे फुटबॉल संघाचे, धनी हिंदुराव सरकार, देह भरदार, मिशा पिळदार, दिल दर्यासारिखा, परंतु फुटबॉलाचें ज्ञान इतुकेंच कीं चेंडू पलीकडचे जाळ्यांत गेला म्हणजे ओरडावें आणि आपले जाळ्यांत आला म्हणजे पंचास शिव्या द्याव्या. त्यांचें वैर खालचे पेठेशीं पिढीजात. खालची पेठ सालोसाल चषक नेई, आणि नेतां नेतां मिरवणूक मुद्दाम सरकारांचे दारावरून काढी, हलगी दारांत थांबवून वाजवी, तेणेंकरोन सरकारांस अन्न गोड लागेना. मग मसलत होऊन त्यांनीं जोतीराम वस्तादांस बोलावूं पाठविलें. हे जोतीराम फुटबॉलाचे शिक्षक. बाहेरचे मुलुखीं ज्यास कोच म्हणतात त्यास या नगरीं वस्ताद म्हणत. अंगानें किडकिडीत, बोलणें थोडें, नजर घारीची. ते आले, चहा घेतला, आणि म्हणाले, "सरकार, एकच अट. मोसमाच्या आधी कुठला गडी घ्यायचा, कुठला सोडायचा, ते मी सांगणार. मधी कुणी बोलायचं न्हाई." सरकार म्हणाले, "आम्हीसुद्धा?" वस्ताद म्हणाले, "तुमी तर मुळीच न्हाई." सरकारांस हें उत्तर इतुकें आवडलें कीं त्यांनीं तेथेंच बेलभंडार उचलून वचन दिलें.

मग वस्तादांनीं निम्मी फौज मोडली. जो आघाडीवीर चेंडूपेक्षां केसांस अधिक जपे त्यास निरोपाचा नारळ दिला, आणि खेड्यापाड्यांतून, ज्यांचें नांव कोणी ऐकिलें नव्हतें, ऐसे गडी आणोन उभे केले. पेठ हांसली, सरकारही मिशींत हांसले, आणि मग त्या गड्यांनीं खालचे पेठेस अंतिम लढतींत ऐसी धूळ चारिली कीं हांसणारांचीं तोंडें उघडीं तीं उघडींच राहिलीं. चषक आला, हत्ती मिळेना म्हणोन ट्रॅक्टरावर वस्तादांस बसविलें, आणि खालचे पेठेचे वेशींत हलगी सांजपावेतों वाजविली. तेव्हांपासोन वस्तादांचा शब्द राज्यांत वेदवाक्य जाहला. कोणास जावई करावयाचा तरी आधीं वस्तादांस दाखवावा, आणि ते "डाव्या बाजूनं कच्चा वाटतोय" म्हणाले कीं सोयरीक मोडावी. तालमीचे कारभारी आण्णाप्पा यांनीं तर म्हैस घेतांना वस्तादांस बाजारीं नेलें, आणि वस्तादांनीं दुरूनच एकीकडे बोट दाखविलें, तीच घेतली. आरंभीं वस्तादांस या गोष्टीची लाज वाटे. मग संवय जाहली. आणि मग, खरें सांगावयाचें तर, गोडीही लागली. रस्त्यानें जातां लोक बाजूस होत तेव्हां ते मुद्दाम सावकाश चालूं लागले.

आतां राज्यांत एक सल होता. सरकारांची थोरली बहीण आक्कासाहेब, यांचा एकुलता पुत्र दिग्विजय, हा वरल्या पेठेचा गोलरक्षक. उंच म्हणोन मामांनीं त्यास लहानपणींच जाळ्यापुढें उभा केला, तो उभाच होता. गडी चपळ, पायांत चेंडू खिळून राही, परंतु खोड ऐसी कीं चेंडू हातीं आला कीं खालीं टाकून पायानेंच पुढें काढीत निघे, दोघातिघांस हुलकावणी देऊन मैदानाचे मध्यापावेतों जाई, आणि मागें जाळें बेवारस पडे. वस्ताद ओरडत, "अरं, घर सोडून कुठं चाललास?" तो ओशाळून परत धांवे, आणि पुढचे दिवशीं पुन्हां तेंच. तशांत खालचे पेठेचा गोलरक्षक इरफान मुजावर, जाळ्यापुढें पहाडासारिखा बसणारा, आपले धन्यावर रुसला आहे ऐसी बातमी आली. तेव्हां कार्तिक लागण्याचे सुमारास दरबार भरला आणि वस्ताद उभे राहोन म्हणाले, "मुजावर घ्या. दिग्विजय सोडा."

सरकारांचा चेहरा उतरला. ते वस्तादांस बाजूस घेऊन म्हणाले, "वस्ताद, भाचा आहे हो माझा. आणि भाऊबीज तोंडावर आली. आक्का हातात ताट घेऊन उभी असंल, मी काय सांगू तिला?" वस्ताद म्हणाले, "ओवाळून झाल्यावर सांगा." सरकारांनीं तैसेंच केलें. टिळा लावून घेतला, ओवाळून घेतलें, लाडू तोंडांत घातला, आणि लाडू तोंडांत असतांच बातमी सांगितली, जेणेंकरोन शब्द नीट कळूं नयेत. परंतु आक्कासाहेबांस कळले. त्यांनीं ओवाळणीचें पाकीट उचलून भावाचे खिशांत परत कोंबिलें, आणि बोलल्या नाहींत, हें अधिक वाईट.

दुसरे दिवशीं सकाळीं आक्कासाहेब स्वयें वस्तादांचे दारीं आल्या. वस्ताद अंगणांत चेंडूंत हवा भरीत होते, ते लगबगीनें उठले, आणि रडणें अथवा शिव्याशाप यांस तोंड द्यावयास मनाची तयारी करिते जाहले. परंतु बाई शांतपणें खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "वस्ताद, पोराला काढलंत, त्याबद्दल मी आले नाही. दोन वर्षं तो तुमच्या हाताखाली होता. एकदा तरी विचारलंत का त्याला, तुला कुठं खेळायला आवडतं?" वस्ताद म्हणाले, "आक्कासाहेब, त्यात इच्यारायचं काय? गोलकीपर हाय त्यो." बाई म्हणाल्या, "तो आहे, का तुम्ही सगळ्यांनी मिळून केलाय?" वस्ताद म्हणाले, "मी माणूस पायावरनं वळखतो. माझी नजर चुकत न्हाई." त्यावर बाई उठल्या, पदर सांवरिला, आणि जातां जातां म्हणाल्या, "नजर चांगलीच आहे तुमची. कान तेवढे नाहीत." हें वाक्य वस्तादांस झोंबलें, परंतु त्यांनीं तें चेंडूंत हवेबरोबर कोंबून टाकिलें आणि कामास लागले.

मग मुजावर वरल्या पेठेंत आला. खालचे पेठेनें केवळ सरकारांस खिजवावें म्हणोन दिग्विजयास ठेवून घेतलें, परंतु जाळें राखावयास त्यांजपाशीं इरफानाचाच धाकटा भाऊ होता, तेव्हां या गड्यास करावें काय हें कोणास सुचेना. म्हणोन त्यांनीं सहज विचारिलें, "कुठं खेळतोस बाबा?" तो म्हणाला, "पुढं." ही गोष्ट वरल्या पेठेंत कळली तेव्हां हांसून हांसून लोकांचे पोटांत दुखूं लागलें. आण्णाप्पा म्हणाले, "गोलकीपर आघाडीला? उद्या पंचाला गोलात उभा करतील!" वस्तादही हांसले. मात्र हांसतां हांसतां त्यांस त्या गड्याची मध्यापावेतों निघालेली धांव आठवली, आणि हांसणें जरा लौकर आटोपलें.

मोसम चालला. इरफान मुजावर ऐसा लढला कीं चेंडू त्याजपाशीं जाण्यास भिऊं लागला. वरली पेठ एकेक शत्रू मारीत फाल्गुनांत अंतिम लढतीस पोहोंचली, आणि समोर खालची पेठ. त्या दुपारीं नगरांत दुकानें बंद, गॅलरींत तीळ ठेवावयास जागा नाहीं, ऊन ऐसें कीं टोप्या पेटाव्या. सरकार पुढचे रांगेंत, शेजारीं आक्कासाहेब, कारण भावाशीं अबोला धरिला तरी मानाची जागा सोडावी ऐसें कांहीं नव्हतें. पूर्वार्धीं वरल्या पेठेनें एक गोल चढविला, सरकार ओरडून घसा बसवून घेते जाहले. उत्तरार्ध लागला आणि खालचे पेठेनें दिग्विजयास मैदानांत उतरविलें. वरली गॅलरी ओरडली, "भाचेबुवा, जाळं तिकडं राहिलं!" आणि मग चेंडू त्याचे पायांत आला. तो निघाला, एकास डावीकडून, दुसऱ्यास उजवीकडून टाकीत, आणि इरफान समोर आला, बाहू पसरून. दिग्विजयानें मारिलें नाहीं. तो थांबला. गोलरक्षकास सर्वांत जड काय जातें, तर वाट पाहणें; हें त्यास जन्मभर जाळ्यापुढें उभें राहोन ठाऊक जाहलें होतें. इरफानास धीर निघेना, तो झेंपावला, आणि दिग्विजयानें चेंडूखालीं हळूच पाय घालून चेंडू त्याचे अंगावरून, जैसें फूल देवास वाहावें तैसा, जाळ्यांत टाकिला. बरोबरी जाहली. सामना संपण्याचे बेतांत त्यानें पुन्हां तेंच केलें, केवळ बाजू बदलून. दुसरा गोल होतांच आक्कासाहेब भर शत्रुगोटांत, सख्ख्या भावाचे कानाशीं, "माझा वाघ!" म्हणोन ऐशा किंचाळल्या कीं सरकारांचा फेटा ढळला. आणि मैदानाचे कडेस वस्ताद उभे होते, त्यांस आधीं संताप आला, मग हातांवर ताबा राहिला नाहीं आणि ते टाळ्या वाजवूं लागले. आण्णाप्पा धांवत येऊन म्हणाले, "वस्ताद, टाळ्या कुणाला?" तेव्हां त्यांस आपले हात दिसले, आणि तरी ते खालीं घेतां येईनात.

चषक गेला. दुसरे दिवशीं दरबार भरला, आणि जे काल पाया पडत होते ते आज बोट दाखवूं लागले. आण्णाप्पा म्हणाले, "मी तेव्हाच बोलणार होतो. ती म्हैससुद्धा भाकड निघाली!" वस्ताद उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी. पोरगं दोन वर्सं रोज मला दाखवीत हुतं त्याला कुठं जायचंय, आणि मी रोज त्याला माघारी हाकलला. आक्कासाहेब दारात येऊन बोलल्या, तरी माझ्या कानात शिरलं न्हाई." ऐसें बोलणें वस्तादांचे तोंडून कोणीं ऐकिलें नव्हतें, यास्तव दरबारास पुढें ओरडावें कसें तें कळेना. मग सरकार म्हणाले, "चुकलं ते चुकलं. त्याला परत आणा. आत्ताच जाऊ."

मग सरकार आणि वस्ताद आक्कासाहेबांचे घरीं गेले. बाईंनीं भावाकडे न पाहतां दोघांपुढें चहा ठेविला. दिग्विजय आला, मामांचे पाया पडला. सरकार म्हणाले, "बाळ, झालं गेलं विसर. घरी चल. पुढं खेळ, मधी खेळ, तुला पाहिजे तिथं खेळ." तो मान खालीं घालून म्हणाला, "मामा, तिकडं मला कुणी सरकारांचा भाचा म्हणत नाही. गोल चुकला तर शिव्या घालतात, मारला तर खांद्यावर घेतात. आपल्याकडं चुकलो तरी वस्ताद सोडून सगळे गप्प बसायचे." सरकारांनीं वस्तादांचा हात धरिला, "वस्ताद, तुम्ही बोला की. तुमचा शब्द राज्यात कोण मोडत नाही." आणि हें ऐकतांच दिग्विजयाचे तोंडाचा रंग उडाला, कारण सरकार म्हणाले तें खरें होतें, वस्ताद 'ये' म्हणते तर तो आला असता. वस्तादांनीं तें पाहिलें. आपले एका शब्दावर हा गडी, चषक आणि गेलेली अब्रू परत येईल हें त्यांस उमगलें, आणि तो शब्द जिभेवर आलाही. मग त्यांनीं चहाचा कप खालीं ठेविला आणि म्हणाले, "ऱ्हा तिकडंच, पोरा. तिथं फुलतोयस." सरकार कळवळून म्हणाले, "अहो, तुम्ही नेमके कुणाचे वस्ताद?" वस्ताद म्हणाले, "तुमचाच की. पण ह्याला इकडं वढला तर पुन्हा भाचाच हुईल त्यो." तेव्हां आक्कासाहेबांनीं वस्तादांचे कपांत आणखी चहा ओतिला; भावाचे कपांत ओतिला नाहीं.

पुढें चैत्र लागला, संवत्सर पालटलें. सरकारांनीं कांहीं दिवस वस्तादांशीं बोलणें टाकिलें, परंतु बेलभंडार उचलिलें असल्यामुळें त्यांस काढितां येईना, आणि मनांतून काढावयाचेंही नव्हतें. वस्तादांनीं एके सकाळीं सारी फौज मैदानांत ओळीनें बसविली आणि एकेकास विचारिलें, "तुला कुठं खेळायला आवडतं?" पहिला म्हणाला, पुढं. दुसरा म्हणाला, पुढं. बचावाचा बुरूज, ज्यास पाहोन शत्रू वाट बदली, तोही लाजत म्हणाला, पुढं. येणेंप्रमाणें इरफान मुजावर सोडून झाडून सारे पुढें. तेव्हां वस्ताद डोकें धरून मैदानांतच बसले, आणि आयुष्यांत प्रथमच त्यांस गड्यांसमोर खो खो हांसूं आलें.

सारांश, क्रोधी संवत्सरीं वरल्या पेठेचा चषक गेला, भाचा गेला, आणि सरकारांची सख्खी बहीण खालचे पेठेचे गॅलरींत पुढचे रांगेस बसती जाहली, तेथून भावाचे फौजेस जें बोलते तें लिहिण्याजोगें नाहीं. गडी घ्यावा सोडावा हा वस्तादांचा अधिकार होता तैसाच राहिला. इतुकेंच कीं आतां निकाल देण्याआधीं ते गड्यास बसवून चहा पाजतात, आणि त्यास वेळ बहुत लागतो. हकीकत संपूर्ण. लिहिणाराची पेठ कोणती, हें मात्र कोणी विचारूं नये.