कोऱ्या रकान्याचे नाना

आमचे नाना लोकांना फोन करून, तुम्ही जिवंत आहात का, असं विचारतात. तेही सकाळी चहाच्या वेळी. धरणगावच्या एका गुरुजींच्या सुनेने त्यांना यावरून चांगलं खडसावलं होतं. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चिडू नका ताई. गुरुजी शेतस ना, हयात आहेत ना? मग झालं."

धुळ्यातल्या आमच्या निवृत्त शिक्षकांच्या मंडळात सभासदांची यादी नानांनीच कॉम्प्युटरवर चढवली. ते स्वतः शिक्षक नव्हते, एका शाळेत कारकून होते. मी मंडळात नोकरीला लागले तेव्हा मेळाव्याची निमंत्रणं जायची होती. फक्त हयात सभासद हवे होते. मी अक्कल पाजळली: मृत्यूची तारीख आजच्या पुढची असलेले सगळे दाखव, असं कॉम्प्युटरला सांगितलं. एकही नाव आलं नाही.

"तुन्ही तं बठ्ठासले मारी टाकं, बेटा!" मी सगळ्यांनाच मारून टाकलं म्हणून नाना हसून हसून खुर्चीतून पडायचेच बाकी होते.

मग त्यांनी समजावलं. हयात माणसाचा मृत्यूच्या तारखेचा रकाना कोरा असतो. त्यातली तारीख आजच्या आधीची का, विचारलं तर कॉम्प्युटर म्हणणार, माहीत नाही. नंतरची का, तरी तेच. आणि माहीत नाही अशांना तो यादीत घेतच नाही. "रकाना कोरा शे का, इतलंच विचारानं."

तसं विचारलं आणि भराभर नावं आली. मी पाकिटं काढली, तर नानांनी थांबवलं. "कोरा म्हणजे जिवंत, असं कोणी सांगितलं? कोरा म्हणजे आपल्याला कोणी कळवलं नाही." पारोळ्याच्या एक बाई एकट्याच राहायच्या. त्या गेल्यावरही मंडळाची पत्रं त्यांच्या बंद दाराशी पडत राहिली. नानांना ते फार लागलं होतं. तेव्हापासून हे फोन. नोकरीला लागल्यापासून मी त्या फोनांवरून त्यांना हसत होते, त्याची मला लाज वाटली.

नानाही एकटेच राहतात. एकदा चहा पिताना मी विचारलं, "तुम्हाला कोण फोन करतं, नाना?"

"माले कोन करी? मी सभासद थोडाच शे! यादीत मना रकानाच नही." ते हसले आणि रिकामी बशी पुसत बसले.

त्या रविवारी मी फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्यांनी उचलला. मी काही विचारायच्या आधीच ते सांगायला लागले: मेथी निवडली, भाकरी करपली, नळाला पाणी आलं नाही. अर्धा तास झाला. शेवटी म्हणाले, "पुढच्या रविवारी किती वाजता करशील, बेटा? म्हणजे तेव्हा मी कुठे जाणार नाही."